मीटर कुठं लावलाय?

दिवाळीत आमच्याकडे त्रेचाळीस इंची टीव्ही आला. जुना बरा चालला होता, पण आईला मालिकेतल्या बायकांचे दागिने नीट दिसेनात, असं कारण निघालं आणि त्यापुढं कुणाचं काही चाललं नाही. बसवायला आलेला पोरगा सोफ्याच्या हातावर टेकला आणि पडद्यावर येईल त्या प्रत्येक पानाला 'ॲग्री' दाबत सुटला. मी म्हटलं, "अरे थांब की, काय लिहिलंय ते वाचू तर दे." तो म्हणाला, "काका, दाबलं नाही तर टीव्ही पुढंच जात नाही. सगळे दाबतात."

त्याचं म्हणणं अर्धं खरं होतं, हे मला पुढं महिन्याभरानं कळलं. अर्धं.

मी साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनला आहे, सव्वीस वर्षं झाली. प्रेशर गेज, थर्मोकपल, फ्लो मीटर हे माझं जग, आणि संध्याकाळी जुने रेडिओ उघडून बसणं हा नाद. या कामानं माणूस एका ठरावीक पद्धतीनं संशयी होतो. काटा काहीतरी दाखवतोय, तर पहिला प्रश्न हा, की मीटर कुठं लावलाय? वाफेच्या लाइनीला वळण आहे आणि वळणाला लागूनच फ्लो मीटर बसवलाय, तर तो आकडा दाखवणारच, पण तो आकडा तुम्ही समजताय त्या गोष्टीचा नसतो. नव्या पोरांना मी पहिल्या आठवड्यात एवढंच शिकवतो.

त्यामुळं घरात माझी ख्याती 'कशावरच विश्वास न ठेवणारा' अशी. फोन आपलं बोलणं चोरून ऐकतो, हे तर मी अजिबात मानत नाही. गणपतीच्या आधी बायको म्हणाली, "अहो, वन्संशी नुसतं बोलले मोदकपात्राबद्दल, आणि लगेच फोनवर मोदकपात्राची जाहिरात!" मी म्हटलं, अगं, भाद्रपद तोंडावर आलाय, मोदकपात्राची नाही तर काय स्वेटरची जाहिरात दाखवतील? शिवाय वन्सं आपल्याच वायफायवर बसून मोदकपात्रं बघत होत्या. बाहेरच्या जगाला तुमचे दोघींचे फोन एकाच पत्त्यावरचे दिसतात. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या लोकांनी सतरा हजारांवर अँड्रॉइड ॲप तपासली होती. गुपचूप माइक चालू करून बोलणं बाहेर पाठवणारं त्यांना एकही सापडलं नाही. काही ॲप स्क्रीनचं चित्रण करून पाठवताना मात्र सापडली. म्हणजे लोकांना भीती कानाची, आणि डल्ला डोळ्यावाटे. बायकोनं हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमचं खरं असेल, पण जाहिरात आली ती आली."

टीव्हीची गोष्ट वेगळी होती. तो काय करणार ते त्यानं स्वतःच लिहून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी मी सेटिंगमध्ये शिरून ती सगळी पानं पुन्हा उघडली आणि एकेकाचा फोटो काढला. सगळं इंग्रजीत, आणि असल्या इंग्रजीत की वाक्य संपेपर्यंत कर्ता विसरावा. एका पानाचा मथितार्थ असा होता: पडद्यावर काय चाललंय ते टीव्ही ओळखेल, आणि त्यात बाहेरून जोडलेल्या उपकरणावरचंही आलं.

याला एसीआर म्हणतात, आपोआप आशय ओळखणं. टीव्ही पडद्यावरच्या चित्राचे किंवा आवाजाचे बारीक ठसे घेतो, आणि बोटांचे ठसे जुळवावेत तसे ते कंपनीकडच्या साठ्याशी जुळवले जातात. तुम्ही सेट टॉप बॉक्सवर बातम्या लावा नाही तर लॅपटॉप जोडून पिक्चर बघा, ठसे पडद्यावरून घेतलेले असल्यामुळं बाहेरून आलेलं चित्रही सुटत नाही. अमेरिकेत व्हिझिओ नावाच्या टीव्ही कंपनीनं हे न विचारता केलं, एक कोटी दहा लाख टीव्हींवर, सेकंदासेकंदाची नोंद. फेब्रुवारी २०१७ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं आणि न्यू जर्सी राज्यानं तिच्याकडून २२ लाख डॉलर घेऊन प्रकरण मिटवलं. भागाकार करून बघा, टीव्हीमागं वीस सेंट. तेव्हापासून कंपन्या विचारून करतात. विचारतात कशा, ते आमच्या सोफ्यावर बघितलंच.

आपल्याकडं २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि संमतीची मुख्य कलमं लागू व्हायला त्यापुढं अठरा महिने ठेवलेत. त्यात एक चांगली गोष्ट आहे: संमती मागताना ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागेल. म्हणजे मराठीतही. आई मराठीतून वाचून 'ॲग्री' दाबेल की न वाचताच दाबेल, हा प्रश्न वेगळा. या कायद्यातलं आणखी एक कलम पुढं माझ्याच अंगावर आलं, ते येईलच.

तर मला बघायचं होतं, की हा टीव्ही नेमका कुणाशी बोलतो. माळ्यावरच्या डब्यात एक रास्पबेरी पाय पडलेला होता, २०१७ मध्ये इंटरनेट रेडिओ करायच्या नादात तीन हजारांच्या आसपास देऊन घेतलेला. पत्त्यांच्या जोडाएवढी डबी, पण आत पुरता कॉम्प्युटर. त्यावर पाय-होल नावाचं फुकट सॉफ्टवेअर बसतं. ते काय करतं हे आईला समजावताना मला १९७ आठवला. पूर्वी टेलिफोनवर १९७ फिरवून आपण नंबर विचारायचो: अमुक दुकान, अमुक पेठ. इंटरनेटवरचं प्रत्येक यंत्र हेच करतं. कुठंही जायच्या आधी नाव सांगून नंबर विचारतं, त्याला डीएनएस म्हणतात. पाय-होल म्हणजे घरातल्या घरात बसवलेला १९७. घरातली सगळी यंत्रं त्यालाच विचारणार. नाव जाहिरातवाल्यांच्या किंवा माग काढणाऱ्यांच्या यादीत असलं, तर तो सरळ 'असं कुणी नाही' म्हणून मोकळा होतो. आणि कुणी, कधी, कुणाचा नंबर विचारला हे वहीत लिहून ठेवतो.

आई म्हणाली, "म्हणजे चहाडखोर."

बसवणं सोपं होतं. मेमरी कार्डावर सिस्टीम लिहिली, पायला राउटरची वायर लावली, एक ओळीची आज्ञा दिली, दहा-पंधरा मिनिटं निळ्या पडद्यावरच्या प्रश्नांना उत्तरं दिली. त्यात एक प्रश्न असतो, की आपल्याला माहीत नसलेला नंबर पुढं कुणाला विचारू? मी ९.९.९.९ निवडला, क्वाड-नाइन, स्वित्झर्लंडमधली ना-नफा संस्था चालवते. हे करताना मनाशी म्हटलं, की आपण विचारायचं थांबवत नाही आहोत, फक्त ज्याला विचारतो तो माणूस बदलतोय. हे लक्षात ठेवलेलं बरं, नाहीतर डबी बसवली की माणसाला उगीच किल्ल्यात बसल्यासारखं वाटायला लागतं.

अवघड होतं ते राउटरचं. घरातल्या यंत्रांनी नंबर कुणाला विचारायचा हे राउटर ठरवतो, आणि केबलवाल्यानं दिलेल्या राउटरमध्ये ते बदलायची जागाच नव्हती. त्याला फोन केला. "काका, तुम्हाला ॲडमिनचा पासवर्ड कशाला पाहिजे? नेट चालत नाही का?" म्हटलं, चालतं. "मग राहू दे की." तीन दिवस असं झाल्यावर चौथ्या दिवशी मी राउटर उलटा केला. पासवर्ड खालच्या लेबलवर छापलेला होता. घरातल्या प्रत्येक यंत्राला नेटवर्कवरचा पत्ता वाटायचं राउटरचं काम बंद केलं आणि ते पायकडंच दिलं. पत्ते पाय वाटतोय म्हटल्यावर नंबर कुणाला विचारायचा हेही तोच सांगणार. शिवाय कुठला पत्ता कुणाचा याची नावानिशी यादी समोर आली. मी एकेकाला ओळखून नावं दिली: टीव्ही, माझा फोन, बायकोचा, मुलीचा फोन, मुलीचा लॅपटॉप. आईच्या फोनला 'आई-फोन' असं नाव दिलं आणि स्वतःवरच खूश झालो. तिचा फोन आठ हजारांचा आहे.

पहिल्या आठवड्यात दोनदा लाईट गेली. राउटरला छोटा यूपीएस होता, पायला नव्हता. लाईट गेल्याबरोबर घरातला १९७ गप्प, वायफायचं चिन्ह दिसतंय पण काहीच उघडत नाही. दुसऱ्या वेळी तर मेमरी कार्डच गेलं. अशा कार्डांवर सतत काहीतरी लिहीत राहिलं आणि मधेच वीज तोडली की ती फार दिवस काढत नाहीत, हे मला माहीत असायला हवं होतं. कारखान्यात डाटा लॉगरला मी हेच दुसऱ्यांना सांगतो. नवं कार्ड, नवा यूपीएस, पुन्हा सगळं पहिल्यापासून. या काळात बायको सकाळी उठून पहिला प्रश्न विचारायची, "आज तुमचं नेट आहे का?" तोवर ते आपलं असायचं.

मग एका रात्री मी वही उघडून बसलो. टीव्ही बंद होता, म्हणजे रिमोटनं बंद, खाली लाल ठिपका चालू. आणि ओळी पडत होत्या. दर काही मिनिटांनी टीव्ही जागा होऊन कुणाचातरी नंबर विचारत होता. काही नावं उघड होती: घड्याळ लावणं, अपडेट आहे का बघणं. काही कंपनीच्या जाहिरात विभागाची. आणि एका नावात चक्क एसीआर ही तीन अक्षरं होती, आडपडदा काहीच नाही. मी बायकोला उठवून दाखवलं. ती म्हणाली, "तीन वाजलेत."

आठवड्याच्या शेवटी पाय-होलनं मोठा गोल काढून दाखवला, की टीव्हीच्या निम्म्याहून जास्त विचारणा त्यानं अडवल्या. हे असे गोल लोक अभिमानानं एकमेकांना दाखवतात. इथं मला माझा फ्लो मीटर आठवला. एखाद्या पोरानं चॉकलेट मागितलं आणि दिलं, तर ते एकदा मागतं. नाही म्हटलं तर दर मिनिटाला मागतं. टीव्हीचंही तसंच. नंबर मिळाला नाही की तो परत विचारतो, परत, परत. म्हणजे अडवल्यामुळंच आकडा फुगतो, आणि तो फुगलेला आकडा बघून आपण म्हणतो, बघा किती हेरगिरी. आणि दुसरं, वहीत फक्त नाव दिसतं. पाकिटावरचा पत्ता दिसतो, आतली चिठ्ठी दिसत नाही. टीव्हीनं कंपनीला फोन लावला एवढं मला कळलं. काय सांगितलं, ते नाही. मीटर दारात लावलाय, आत काय शिजतंय ते त्याला कळणार नाही.

मोडतोड बरीच झाली, सगळी सांगत बसत नाही. आईच्या मालिकेचं ॲप जाहिरातीच्या जागी येऊन गोल फिरत थांबायचं, कारण जाहिरात मिळाल्याशिवाय पुढचा भाग सोडायचाच नाही अशी त्याची रचना. "तुझ्या त्या डबीनं माझी मालिका अडकली बघ" हे मी इतक्यांदा ऐकलं, की शेवटी त्या जाहिरातींची दोन नावं पांढऱ्या यादीत, म्हणजे न अडवायच्या यादीत, टाकून दिली. आईच्या मालिकेपुढं माझं तत्त्व टिकणार नव्हतं. बायको काही शोधायची, वरच्या वर 'प्रायोजित' लिहिलेल्या दुव्यावर बोट टेकवायची, आणि पान उघडायचं नाही. तो दुवा आधी जाहिरातवाल्याच्या दारातून जातो, मग दुकानात. आमच्याकडं ते दार बंद. खालच्या साध्या दुव्यावर दाब, असं सांगितलं तर म्हणाली, "वरचाच दाबायची सवय आहे." यूट्यूबच्या जाहिराती तर हलल्याही नाहीत. त्या व्हिडिओ जिथून येतात तिथूनच येतात. नाव एकच, दूध अडवल्याशिवाय पाणी अडवता येत नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, मग एवढा खटाटोप करून बंद काय झालं?"

आणि मग एके दिवशी वहीतून टीव्हीच गायब झाला. समोर मालिका चालू, आणि वहीत त्याचं नाव नाही. दोन संध्याकाळी गेल्या शोधण्यात. निघालं ते असं, की राउटर दोन प्रकारचे पत्ते वाटत होता, जुने आणि नवे, आणि मी बंद केले होते ते फक्त जुने. नव्या आयपीव्ही-सिक्सच्या वाटेनं राउटर स्वतःचाच १९७ सगळ्यांना सांगत होता, आणि ज्याला जमेल तो तिकडून विचारत होता. पुढच्या दाराला पहारा बसवला आणि परसदार सताड उघडं. ती वाट बंद केल्यावर टीव्ही परत वहीत आला. पण यावरून डोकं ताळ्यावर आलं. काही यंत्रांत तर ८.८.८.८ हा गुगलचा नंबर कारखान्यातूनच लिहिलेला असतो, तुमच्या १९७ ला ती विचारतच नाहीत. ब्राउझरही आता विचारणा कुलूपबंद करून थेट बाहेर पाठवू शकतात; त्याचं मानक २०१८ मध्येच ठरलं. ही कुलूपं बाहेरच्यांपासून आपल्याला वाचवायला आहेत, आणि वाचवतातही. फक्त घरमालकाची डबीही त्यात बाहेरचीच ठरते.

या सगळ्या उठाठेवीनंतर जे खरं कामाला आलं, ते सांगायला जरा लाज वाटते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये चौथ्या की पाचव्या थरात तीन खटके होते. पडद्यावरचं ओळखण्याचा, आवडीनुसार जाहिरातींचा, आणि आवाजी आज्ञांचा. तिन्ही बंद करता येत होते. टीव्ही त्यावाचून चालत होता. बसवणाऱ्या पोरानं दाबलेल्या पानांपैकी एक-दोन पानं सक्तीची होती, बाकीची आमच्या मर्जीची होती, फक्त ती सगळी एकसारखीच दिसत होती. मला वाटलं होतं, की खटका बंद करून काही फरक पडणार नाही, दाखवायला ठेवला असेल. बंद केला. दुसऱ्या दिवशी वहीत ते तीन अक्षरांचं नाव नाही. तिसऱ्या दिवशी नाही. आठवडाभर नाही. २०२४ मध्ये लंडन, माद्रिद आणि कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठांच्या संशोधकांनी दोन मोठ्या कंपन्यांचे टीव्ही तपासले होते, त्यांनाही हेच दिसलं, की नकार दिला की ठसे पाठवणं खरंच थांबतं. संशयी माणसाला संशय चुकीचा ठरल्याचा आनंद होत नाही, थोडं फसवल्यासारखंच वाटतं.

म्हणजे काम संपलं होतं. डबी काढून माळ्यावर टाकली असती तरी चाललं असतं. पण वही बघायची सवय लागली होती. रात्री जेवणाआधी, कारखान्यातून आल्यावर, चहाबरोबर. टीव्हीच्या ओळी आता कंटाळवाण्या झाल्या होत्या. बाकीच्या होत्या की.

आधी मी स्वतःला सांगत होतो, की मी फक्त मोडतोड शोधतोय. आईचा फोन पहाटे पाच वाजता जागा होतो आणि भजनाचं ॲप उघडतो, हे कळलं. बायको दुपारी अडीच ते साडेतीन भाज्यांच्या रेसिपी बघते, हेही. त्यात काय, माणूस घरात राहतो तेव्हा एवढं कळतंच. मग मुलीच्या लॅपटॉपच्या ओळींत रात्री साडेअकराच्या पुढं एक नाव परत परत यायला लागलं, शेवटी 'डॉट डीई' असलेलं. जर्मनीचं. डाड, म्हणजे तिथल्या शिष्यवृत्त्या बघणारी संस्था. मग युनि-असिस्ट, तिथल्या विद्यापीठांचे परदेशी अर्ज तपासणारी. मग तीन-चार विद्यापीठांची नावं, त्यातलं एक चार दिवस रोज.

मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. कॅम्पसमधून पुण्याला नोकरी बघणार, असं घरात ठरलेलं. ठरलेलं म्हणजे आम्ही ठरवलेलं.

मी आठवडाभर काही बोललो नाही. नुसता बघत राहिलो, हे जास्त वाईट होतं असं आता वाटतं. मग एका रविवारी जेवताना, काहीतरी हलकंफुलकं बोलायचं म्हणून, मी म्हटलं, "काय मग, जर्मनीत भाकरी मिळते का?"

ती घास हातात धरून थांबली. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"मी कुणालाच सांगितलेलं नाही. मैत्रिणीलासुद्धा नाही." मग तिनं वळून राउटरशेजारच्या डबीकडं बघितलं. हिरवा दिवा लुकलुकत होता. तिला वेळ लागला नाही, तिनंच मला ती वायर ओढायला मदत केली होती. ताट तसंच ठेवून ती आत गेली.

बायको बराच वेळ काही बोलली नाही. ताटं उचलताना म्हणाली, "त्या टीव्हीनं एवढं सगळं बघितलं, पण पोरीची गोष्ट आमच्या ताटात नाही आणून टाकली."

त्या रात्री मी कायदा परत काढला, कशासाठी ते मला नीट सांगता येणार नाही. कदाचित कंपनीच्या आणि माझ्या वागण्यातला फरक कुठंतरी लिहिलेला सापडेल म्हणून. तिसऱ्या कलमात तो सापडला. एखाद्या व्यक्तीनं वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी हाताळलेल्या माहितीला हा कायदा लागूच होत नाही. टीव्हीला संमती मागावी लागणार, मराठीत मागावी लागणार, नकार ऐकावा लागणार. मला काहीच नाही. व्हिझिओला निदान दंड तरी झाला होता.

तिच्याशी बोलायला दोन दिवस गेले. 'मी मुद्दाम बघत नव्हतो' असं मी सुरू केलं आणि ती म्हणाली, "किती दिवसांचं दिसतं त्यात?" मला तिचा हा प्रश्न आवडला, कारखान्यात असती तर मी तिला पहिल्या महिन्यात सुपरवायझर केलं असतं. मी सांगितलं, मुळात तीन महिन्यांचं साठून राहतं. "आणि वेळेसकट?" वेळेसकट. "म्हणजे आजीचं पण, आईचं पण." हो. "त्यांना विचारलं होतं?"

आईला मी १९७ ची गोष्ट सांगितली होती. वहीची पण सांगितली होती, बोलता बोलता. पण वही मी रोज वाचेन, हे कुठं सांगितलं होतं? त्या टीव्हीवरच्या पानांसारखंच, सगळं कुठंतरी सांगितलेलं होतं.

पाय-होलमध्ये नोंदींच्या चार पायऱ्या आहेत, शून्य ते तीन. शून्यावर सगळं दिसतं. एकवर नावं झाकली जातात, दोनवर कुणी विचारलं तेही झाकलं जातं, आणि तीनवर नुसता आकडा राहतो, एकूण किती विचारणा आणि किती अडवल्या. ही सोय पहिल्या दिवसापासून होती. टीव्हीवरच्या खटक्यांसारखी, सेटिंगच्या आतल्या पानात. मी ती बघितली होती आणि 'आपल्याला काय करायची' म्हणून पुढं गेलो होतो.

आम्ही दोघं टेबलाशी बसलो. जुनी वही पुसली, पायरी तीनवर नेली. ती म्हणाली, "पासवर्ड द्या." दिला. तिनं तो माझ्यासमोर बदलला, नवा मला सांगितला नाही, आणि म्हणाली, "काही अडकलं तर मला सांगा, मी काढून देईन." मी म्हटलं, तू पायरी परत शून्यावर नेलीस तर? "तर तुम्हाला कळणार नाही," ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी हसली.

डबी अजून चालू आहे. टीव्हीचे खटके बंद आहेत. एका मोठ्या अपडेटनंतर त्यातला एक आपोआप चालू झालेला मिळाला, तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला मी हातानं तपासतो. वही नसल्यामुळं आता हाताशिवाय इलाज नाही.

परवा कारखान्यातून येऊन मी फोनवर काही बघत होतो. सवयीनं सगळ्यात वरच्या दुव्यावर बोट टेकवलं आणि पान उघडेना. दोनदा केलं, तिसऱ्यांदा केलं. खालचा साधा दुवा काही सापडला नाही. मुलीला हाक मारली.

"कुठलं पान?"

"असंच एक."

"बाबा, नावं दिसत नाहीत आता. सांगितल्याशिवाय मला नाही काढता येणार."

स्वयंपाकघरात फोडणीचा आवाज येत होता. जर्मनीला शिकायला जाणाऱ्यानं व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाची रक्कम आधी तिथल्या एका खात्यात ठेवून दाखवावी लागते, मी बघितलं तेव्हा ती ११,९०४ युरो होती, आणि ते खातं कसं उघडायचं हे मला वाचायचं होतं. त्याला ब्लॉक्ड अकाउंट म्हणतात.

"ब्लॉक्ड अकाउंट," मी म्हटलं.

ती काही बोलली नाही. लॅपटॉप मांडीवर घेतला, काहीतरी टाइप केलं, जरा वेळ लावला.

"रिफ्रेश करा," म्हणाली.